सीझरनंतर दुखू नये म्हणून पोटात ब्लॉक देतात म्हणे, कोल्हापुरात कुणी घेतलाय का?

रंकाळ्याची_सून

नमस्कार मंडळी. मला ३५ वा आठवडा चालू आहे, दुसरी खेप. पहिलं सीझर चार वर्षांपूर्वी झालं आणि यावेळी पण डॉक्टर बाई म्हणाल्या सीझरच करूया, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. भीती ऑपरेशनची नाहीच ओ, भीती आहे ती त्या पहिल्या रात्रीची. मागच्या वेळी दुपारी ऑपरेशन झालं, संध्याकाळी पायाची बोटं हलायला लागली तेव्हा मला वाटलं चला सुटले, आणि रात्री नऊ-दहाला जे टाके ठणकायला लागले ते काय सांगू, खोकला आला तरी वाटायचं पोट उसवतंय की काय. सिस्टरना बोलावलं की आत्ताच तर इंजेक्शन दिलंय, आता पहाटे. इकडं बाळ रडतंय, मला कूस वळता येत नाही, सासूबाई बिचाऱ्या खुर्चीतच पेंगलेल्या. तीन दिवस मी लेकाकडं धड बघितलं पण नाही आणि हे कुणाला सांगायला गेलं की ठरलेलं उत्तर, अगं बाईच्या जन्माला आलीयस, सोसायला नको?

आता परवा राजारामपुरीत मैत्रिणीची वहिनी भेटली, ती म्हणाली तिला पोटाच्या दोन्ही बाजूला टॅप ब्लॉक का काहीतरी दिलेलं आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः चालत बाथरूमला गेली. हे नक्की काय असतं? मणक्यातलं इंजेक्शन परत एकदा घ्यायचं असतं का, कारण मागच्या त्या सुईनंच माझी कंबर गेली असं आमच्या घरात पक्कं ठरलंय. दुधातून बाळाला काही होतं का? आणि आमच्या नर्सिंग होममध्ये करतील का, तिथं आठ-दहा खाटा आहेत फक्त. बाईंना विचारलं तर म्हणाल्या ते भूलेचे डॉक्टर बघतात, आणि भूलेचे डॉक्टर मला भेटणार डायरेक्ट टेबलावर, तेव्हा मी थरथरत बसलेली असणार, विचारू काय?

गडहिंग्लजची_पोरगी

व्हय, मी घेतल्ता. गेल्या साली, बेळगावला झालं माझं. टाके घालून झाल्यावर तिथंच टेबलावर सोनोग्राफीचा तो गार गार जेल लावला आणि कमरेच्या वर एका अंगाला सुई, मग दुसऱ्या अंगाला. मला काय बी कळलं न्हाई कारण मणक्यातली भूल अजून होतीच. रात्री टाक्यावर हात ठेवला तर कातडी बधीर, दुसऱ्याचंच पोट असल्यागत. मी झोपलो पण चार तास.

पण ताई एक सांगतो, समदं दुखणं जातंय असं समजू नको. बाळाला अंगावर घेतलं की आतनं जी कळ यायची ती ब्लॉकनं गेली न्हाई. आणि पहाटे सहाच्या सुमाराला ब्लॉक असा उतरला की पाच-पन्नास टाचण्या एकदम टोचल्यागत झालं. रात्री सिस्टर गोळी घेऊन आल्ती, मी म्हटलो दुखत न्हाई तर कशाला गोळी, तिथं चुकलो.

पुण्याहून_वाचतोय

माफ करा पण तुम्ही 'झोपलो', 'चुकलो' लिहिताय. आयडी पोरगी आहे म्हणून विचारतो, ताई का दादा?

गडहिंग्लजची_पोरगी

आमच्याकडं बायका अशाच बोलत्यात. सीझर दादाचं झालं व्हय मग?

पेठेतला_भावा

राग येणार काही जणांना पण बोलतो. आमच्या आयांनी पाच-पाच पोरं काढली घरात, कुठला ब्लॉक आणि कुठलं काय. हे बिल वाढवायचं नवीन कलम आहे. आमच्या वहिनीचं नॉर्मल इंजेक्शनवर झालं, तिसऱ्या दिवशी घरी, पाचव्या दिवशी भाकरी थापत होती.

कसबा_बावडा_आई

पाचव्या दिवशी भाकरी थापत होती यात कौतुक कुणाचं रे भावा, तिचं का तुमच्या घरातल्या बाकी लोकांचं? घरात काढलेल्या पोरांचं पोट फाडत नव्हते, तो फरक लक्षात घे आधी.

भूलवाला_फिरस्ता

मी भूलतज्ज्ञ आहे. गेली बरीच वर्षं शहरात आणि कागल, गारगोटी, पन्हाळा साइडला नर्सिंग होमना जातो, गाडीच्या डिकीतच संसार. मोठं लिहितोय, सवडीनं वाचा.

आधी दुखतं कुठं ते बघा, कारण सगळा घोळ तिथं आहे. सीझरनंतर दुखणी दोन असतात. एक कापलेल्या जागेचं, म्हणजे कातडी आणि पोटाची भिंत, ते हललं खोकललं की चरचरतं. दुसरं आतलं, गर्भपिशवी आकसते त्याच्या कळा, त्या दूध पाजताना वाढतात कारण पाजताना जो हार्मोन सुटतो तोच पिशवी आवळतो, आणि दुसऱ्या तिसऱ्या बाळंतपणात त्या पहिलीपेक्षा जोरात येतात. टॅप ब्लॉक पहिल्या दुखण्यावर काम करतो, दुसऱ्यावर नाही. गडहिंग्लजच्या ताईंनी जे लिहिलंय ते पुस्तकात असल्यासारखं बरोबर आहे.

ब्लॉक म्हणजे काय तर आपली घडीची चपाती डोळ्यासमोर आणा. पोटाच्या बाजूच्या भिंतीत स्नायूंचे तीन पदर एकावर एक असतात, आणि खालच्या पोटाच्या कातडीला जाणाऱ्या नसा दुसऱ्या आणि तिसऱ्या पदराच्या मधून पुढं येतात. त्या दोन पदरांच्या मध्ये बधिरीचं औषध सोडायचं, दोन्ही बाजूला, प्रत्येकी साधारण २० मिली. सोनोग्राफीत दिसतं, औषध गेलं की पदर सुटतो आणि मध्ये काळी होडी तयार होते. मणक्याचा काही संबंध नाही, परत सुई मणक्यात जात नाही. ही जागा २००१ मध्ये पहिल्यांदा लिहिली गेली, तेव्हा मशीन नव्हतं, कमरेवरचा एक त्रिकोण हातानं चाचपून सुई घालायची आणि 'टक' लागलं की थांबायचं. आंधळेपणानं करण्यात सुई पोटाच्या आत जायची भीती असते म्हणून आता मशीन घेऊनच करणं बरं. असर आठ-बारा तास धरा, कुणाला जास्त, कुणाला एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला कमी.

आता जी गोष्ट बहुतेक लोकांना सांगितली जात नाही. मणक्यात भूल देताना त्याच सुईतून अगदी चिमूटभर मॉर्फिन घातलं, १०० ते १५० मायक्रोग्रॅम, तर १८-२४ तास कापलेलं आणि आतलं अशी दोन्ही दुखणी बरीच दबतात. ते मिळालं असेल तर वरून टॅप ब्लॉक देऊन फारसा फायदा होत नाही. अंगाला खाज सुटते, मळमळतं, आणि क्वचित श्वास मंदावतो म्हणून रात्रभर कुणीतरी श्वास मोजायला जागं पाहिजे. पण मॉर्फिन ठेवायला कायद्याची कागदपत्रं लागतात. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा थोडा सैल झाला तरी छोट्या हॉस्पिटलात ते कपाटात नसतं, आणि मणक्यात घालायचं म्हटलं की बिनप्रिझर्व्हेटिव्हचंच लागतं. त्यामुळं आम्ही फेंटानिल घालतो, ते पण दुखणं दाबणारंच औषध, ऑपरेशनपुरतं छान, तीन-चार तासात संपलं. म्हणून रात्री नऊ-दहाला तो ठणका. रंकाळ्याच्या ताईंचं तेच झालं असणार. अशा ठिकाणी ब्लॉकला खरी किंमत आहे, पेठेतल्या भावानं बिलाचं म्हटलं ते मॉर्फिन दिलेल्या पेशंटला लागू पडेल एक वेळ, बाकीच्यांना नाही.

रंकाळ्याची_सून

डॉक्टर खूप खूप धन्यवाद, चपातीचं तर नवऱ्याला पण वाचून दाखवलं. पण मग छोट्या हॉस्पिटलात हे का करत नाहीत? मशीन तर आमच्या बाईंच्या ओपीडीत आहे की, दर महिन्याला तिथंच सोनोग्राफी होते माझी.

भूलवाला_फिरस्ता

इथं कोल्हापूरचा इतिहास आडवा येतो. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या १००० मुलांमागं ८३९ मुली होत्या, लाजच वाटावी असा आकडा. त्यानंतर इथं प्रशासनानं सोनोग्राफी मशीनला सायलेंट ऑब्झर्व्हर बसवायला लावले, कुठल्या मशीनवर काय बघितलं ते नोंदलं जावं म्हणून. गर्भलिंग निदानाच्या कायद्यात प्रत्येक मशीन नोंदवलेलं, जागा नोंदवलेली, वापरणारा माणूस नोंदवलेला. २०१२ च्या नियमानुसार छोटं पोर्टेबल मशीन सुद्धा त्या नोंदलेल्या हॉस्पिटलच्या आतच वापरायचं. म्हणजे माझ्यासारखा फिरता माणूस डिकीत मशीन टाकून गारगोटीला जाऊ शकत नाही. ओपीडीतलं मशीन ऑपरेशन थिएटरात ढकलत आणणं आणि त्यावर माझं नाव नसणं, त्यात कुणी पडत नाही. कायदा चुकीचा आहे असं मी मुळीच म्हणत नाही, ज्यांनी त्या काळातल्या फायली बघितल्यात ते म्हणणार पण नाहीत. फक्त त्याचा एक धागा बाळंतिणीच्या टाक्यांपर्यंत येतो एवढंच.

पण वाट आहे. पोट उघडंच असतं तेव्हा तुमच्या बाईच आतल्या बाजूनं त्याच पदरात औषध सोडू शकतात, मशीन लागत नाही. किंवा टाके घालताना जखमेच्या कडेकडेनं बधिरीचं औषध भरायचं. हे दुसरं तर कुठल्याही हॉस्पिटलात होतं, दोन-चार मिनिटांचं काम. फक्त आधी ठरलेलं पाहिजे, कारण औषधाचा हिशोब असतो. बुपिव्हाकेन, म्हणजे हेच बधिरीचं औषध, ०.२५ टक्क्याचं म्हणजे १ मिलीत अडीच मिलिग्रॅम, दोन्ही बाजूचे ४० मिली म्हणजे १०० मिलिग्रॅम, त्यात मणक्यातलं १० धरा. ५५ किलोच्या बाईला किलोमागं २ मिलिग्रॅमचा हिशोब लावला तर ११० झाले, झाली की मर्यादा! मग बाईंनी टाक्यात वेगळं आणि मी बाजूला वेगळं असं एकमेकांना न सांगता दिलं तर रक्तात जास्त जातं. ओठाभोवती मुंग्या, कानात शिट्टी, तोंडाला लोखंडाची चव अशी सुरुवात होते, पुढं झटका किंवा हृदयाची गडबड. त्यावर लिपिडचं, म्हणजे स्निग्ध पदार्थाचं सलाईन हे औषध आहे, २० टक्क्याचं, ते हाताशी असावं. हे घाबरवायला नाही सांगत, फार क्वचित होतं, पण तोंडात असं काही वाटलं तर लाजू नका, लगेच बोला.

दुधाचं विचारलंत. या औषधाचा दुधात जाणारा अंश नगण्य, बिनधास्त पाजा. पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन पण चालतात. ट्रॅमाडॉल आणि कोडीनबद्दल २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं पाजणाऱ्या आयांना इशारा दिला, मी स्वतः ट्रॅमाडॉल शक्य तेवढं टाळतो.

आणि कंबर. मणक्यातल्या सुईनं कंबर कायमची जात नाही ओ, टोचल्या जागी चार दिवस दुखेल. नऊ महिने सैल पडलेले सांधे, वाढलेलं वजन आणि नंतर वाकून वाकून पाजणं, ती कंबर तिथं जाते. सुईनं होतो तो त्रास वेगळा, डोकेदुखी, उठून बसलं की वाढणारी आणि आडवं झालं की कमी होणारी. बारीक सुया आल्यापासून शंभरात एखादीला, कधी तेवढं पण नाही. तसं झालं तर अंगावर काढू नका, उपाय आहे.

पेठेतला_भावा

डॉक्टर मानलं. बिलाचं बोललो ते मागं घेतो. भाकरीचं पण.

कसबा_बावडा_आई

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय 😄

निवृत्त_सिस्टर

डॉक्टरांनी औषधाचं लिहिलं, मी वॉर्डातलं लिहिते. तीस वर्षांच्या वर बाळंतिणी बघितल्यात. अगं बाळा, तुला त्या रात्री त्रास झाला त्यात निम्मा दोष 'दुखलं की सांगा' या पद्धतीचा. दुखायला लागल्यावर बेल वाजवायची, मग सिस्टर येणार, फाईल बघणार, इंजेक्शन भरणार, ते लागायला अर्धा तास, तोवर बाई रडकुंडीला. त्यापेक्षा घड्याळावर घ्यायचं. पॅरासिटामॉल दर सहा तासांनी, दिवसात ४ ग्रॅमच्या वर नाही, आणि त्याच्या जोडीला डायक्लोफेनॅक डॉक्टर लिहितील तसं. बीपी वाढलेलं असेल, किडनीचा त्रास, दमा, रक्तस्राव जास्त झालेला असेल तर डायक्लो चालतंच असं नाही, ते आधी सांगायचं. ब्लॉक असला तरी गोळी चुकवायची नाही, उलट ब्लॉक उतरायच्या आधी गोळी पोटात पाहिजे. नवऱ्याला मोबाईलवर अलार्म लावायला सांग, रात्री २ चा पण. बापानं एवढं काम करायला हरकत नाही.

दुसरं आणि हे नीट ऐक. घरातल्या मोठ्या बायकांना शेकायची भारी घाई असते. ब्लॉक आहे तोवर पोटाची कातडी बधीर असते, गरम पिशवी किती गरम आहे ते कळत नाही, भाजतं. आणि टाक्यांवर शेक तसा पण द्यायचा नाही. शेगडी आणि ओव्याची धुरी यांचं काय करायचं ते घरी गेल्यावर डॉक्टरांना विचारून, आणि बाळाच्या नाकात धूर नको.

पहिल्यांदा उठताना एकटीनं उठू नकोस. ब्लॉकचं औषध कधी कधी खाली झिरपतं आणि मांडी लुळी पडते, थोड्या तासांपुरती, पण तेवढ्यात बाई पडते. सरळ उठून बसायचं नाही, आधी कुशीवर, मग पाय खाली, मग हाताच्या कोपरावर जोर. खोकला आला की घडी घातलेला टॉवेल टाक्यावर दाबून धरायचा. बाळाला पाजताना पोटावर घेऊ नको, काखेखाली उशी देऊन बाजूनं घे, क्रिकेटवाले बॅट काखेत धरतात तसं.

रंकाळ्याची_सून

सिस्टर, अलार्मचं वाचून नवरा लगेच कामाला लागला, आत्तापासूनच रात्री दोनला वाजवून बघतोय 🙄

बाईंना जाऊन सगळं सांगितलं. आधी म्हणाल्या तुला कुणी सांगितलं हे, मग हसल्या आणि भूलेच्या डॉक्टरांना समोरच फोन लावला. ते गुरुवारी केसला येणार होते तेव्हा मला पण बोलावलं, दहा मिनिटं बोलले. वजन विचारलं, मागची फाईल बघितली, ॲलर्जी विचारली. मशीन थिएटरात नाही म्हणाले, बाई आतनं देतील आणि औषध किती ते मी काढून देणार. या दहा मिनिटांचेच पैसे घेतले असते तरी दिले असते मी.

भूलवाला_फिरस्ता

उत्तम. औषध एकाच माणसानं काढलेलं बरं. झाल्यावर कळवा.

रंकाळ्याची_सून

२६ दिवसांनी लिहितेय, एका हातानं, चुका समजून घ्या. मुलगी झाली. २ किलो ९००. आमच्याकडं मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी असं आहे, सासऱ्यांनी दोन्ही आणलं, कारण विचारलं तर म्हणाले दुकानात दोन्ही होतं.

ब्लॉकचं सांगते. सगळं गोड नव्हतं. उजवी बाजू एकदम बधीर, डावीकडं टाक्याच्या टोकाला चरचर होतीच, डॉक्टर म्हणाले डावीकडं पदर नीट सुटला नसेल. आतल्या कळा बाप रे, पहिलीपेक्षा दुप्पट, तिला अंगावर घेतलं की मी बेडची दांडी धरायचे, पण एक-दोन मिनिटात ओसरायच्या. पण खोकताना पोट उसवल्यासारखं झालं नाही आणि कूस मी स्वतः वळले, रात्री साडेअकराला, कुणाला न उठवता. गोळी २ वाजता. अलार्मनं नवरा सोडून सगळा वॉर्ड उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी लघवीची नळी काढली आणि सिस्टरनी धरून चालवलं, पाय ठीक होते. लेकीला पहिल्या रात्रीच पोटभर बघितलं, तिच्या कानाला छोटासा केस आहे.

गडहिंग्लजची_पोरगी

लई भारी!! लेकीला माझा पापा. मी आलो कोल्हापूरला की भेटतो.

निवृत्त_सिस्टर

अभिनंदन बाळा. एका बाजूला कमी लागणं होतं बऱ्याच जणींना. ते सगळं राहू दे, चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत शौचाला साफ झाली का ते लिहिलंच नाहीस, त्यानं पण टाक्यावर जोर येतो. पाणी भरपूर पी, आणि डिंकाचे लाडू एका दिवसात किती देतायत तुला?